डोंगरउतारावर बांधकामापूर्वी दरड व भूस्खलनाच्या धोक्याची तपासणी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातारा जिल्ह्यातील पाटण, जावळी, महाबळेश्वर आणि वाई हे तालुके, साताऱ्याचा परळी-कासकडचा भाग आणि सांगली जिल्ह्यातील शिराळ्याचा चांदोलीकडचा पट्टा, या परिसरात घर, फार्महाउस, कृषी पर्यटन केंद्र किंवा प्लॉटिंग करू पाहणाऱ्या लोकांकडून जे प्रश्न सतत येतात, त्यांतून हे पान तयार केले आहे. यातील बहुतेक प्रश्न इसार दिल्यानंतर किंवा जेसीबी जागेवर पोहोचल्यानंतर विचारले जातात, आणि तोपर्यंत चांगल्या सल्ल्याचा निम्मा उपयोग संपलेला असतो. म्हणून व्यवहार ठरण्याआधीच हे वाचावे, अशी मनापासून विनंती आहे.

१. दरड कोसळणे, भूस्खलन आणि जमीन खचणे हे सगळे एकच आहे का? तपासणीच्या दृष्टीने त्यात काही फरक पडतो का?

फरक पडतो, कारण प्रत्येक प्रकारात धोका वेगळ्या ठिकाणाहून येतो. यवतेश्वर, पसरणी किंवा आंबेनळी घाटात पावसाळ्यात रस्त्यावर येतात ते बहुतेक वेळा कड्याच्या उभ्या सांध्यांमधून सुटलेले दगड असतात. तिथे तपासायचा तो वरचा कडा. उतारावरील माती, मुरूम आणि कुजलेला खडक एका पृष्ठावरून सरकतो तेव्हा तपासायचे ते पायाखालचे थर. हीच माती पाण्यात मिसळून घळीत शिरली, की माती-दगडांचा लोंढा होतो आणि तो उगमापासून शेकडो मीटर दूर, अगदी सौम्य उताराच्या जमिनीपर्यंतही पोहोचतो. तिथे आपल्या जागेपासून लांब वर असलेली घळ पाहावी लागते. चौथा प्रकार संथ सरकण्याचा आहे. त्यात जमीन वर्षाला काही मिलिमीटर किंवा सेंटिमीटर पुढे जाते, भिंतींना तिरक्या भेगा पडतात, आणि घरमालक गवंड्याला दोष देत राहतो. एकाच जागेला यांतील दोन-तीन धोके असू शकतात, म्हणून ‘दरडीचा धोका नाही’ एवढ्या एका वाक्याचा दाखला पुरेसा मानू नये.

२. आमचा डोंगर तर काळ्या कातळाचा आहे. कातळ कसा घसरेल?

सह्याद्रीचा हा भाग सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक पसरत गेलेल्या लाव्हाच्या थरांनी बनलेला आहे. प्रत्येक थर सारखा नसतो. खालचा-मधला घट्ट बेसाल्ट उभा कडा धरून राहतो, तर वरचा सच्छिद्र भाग लवकर कुजतो आणि त्याचा मुरूम होतो. दोन थरांच्या मध्ये ठिकठिकाणी गेरूसारखा लाल, चिकणमातीयुक्त पट्टा असतो, जो घाटातल्या कापलेल्या दरडीत सहज दिसतो. पाणी वरच्या भेगांतून उतरते, या पट्ट्यावर अडते आणि आडवे वाहून उतारावर झऱ्याच्या रूपाने बाहेर पडते. महाबळेश्वर-पाचगणीकडे सर्वांत वर जांभ्याचे कठीण आवरण आहे आणि त्याच्याखाली पांढरट-पिवळसर मऊ माती. ही माती धुपली, की वरचा जांभा आधार सुटून शिळांच्या रूपात खाली येतो.

कडा आणि कातळाच्या टप्प्यांच्या मधल्या उतारावर हजारो वर्षे वरून पडलेले दगड-माती साठलेले असतात. हा घसारा काही ठिकाणी दोन-तीन फूट जाड असतो, काही ठिकाणी कित्येक मीटर. त्यावर दाट झाडी व शेती असल्याने तो मूळ डोंगरच वाटतो, आणि वाड्या वसतात त्याही बहुधा यावरच, कारण इथे माती खोल असते व झऱ्याचे पाणी जवळ असते. घसरतो तो मुख्यतः हा थर. कोरडा असताना मातीच्या कणांमधील घर्षण त्याला धरून ठेवते. संततधार पावसात कणांमधल्या पोकळ्या पाण्याने भरतात, पाण्याचा दाब कणांना एकमेकांपासून दूर ढकलतो, घर्षण घटते आणि त्याच वेळी वजन मात्र वाढते. घनमीटरभर माती कोरडी असताना साधारण दीड-पावणेदोन टनांची, तर पूर्ण भिजल्यावर दोन टनांच्या आसपास होते.

३. सातारा-सांगलीत नेमका कोणता भाग धोक्याचा मानावा?

ढोबळ उत्तर असे, की पाऊस, तीव्र उतार आणि जाड घसारा या तिन्ही गोष्टी जिथे एकत्र येतात तो भाग. महाबळेश्वरला वर्षाला सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर त्याच जिल्ह्यातील माण तालुक्यात तो पाचशेच्या आसपास असतो. त्यामुळे ‘सातारा जिल्हा’ असा एकच धोका सांगता येत नाही. २२ व २३ जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत महाबळेश्वरला चोवीस तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस झाला आणि पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव आणि ढोकावळे येथे डोंगर घरांवर येऊन माणसे गाडली गेली. सांगली जिल्ह्यात शिराळ्याचा पश्चिम भाग याच साखळीत मोडतो. दंडोबा किंवा सागरेश्वरच्या टेकड्यांवर पाऊस कमी आहे. तिथे भूस्खलनापेक्षा सुटे दगड आणि खाणींच्या उभ्या कापलेल्या कडा यांकडे अधिक लक्ष द्यावे.

४. तज्ज्ञाला बोलावण्यापूर्वी मी स्वतः जागेवर काय पाहू शकतो?

बरेच काही पाहता येते (कोणत्या ऋतूत काय दिसते, त्यासाठी प्रश्न ६ पाहा). प्लॉटच्या चार खुणांच्या आत फिरून परत येऊ नये. वरच्या कड्यापर्यंत आणि खालच्या ओढ्यापर्यंत चालत जावे, कारण धोका हा संपूर्ण उताराचा असतो. गट नंबराची हद्द मोजणीच्या नकाशावर असते, डोंगराला ती ठाऊक नसते.

वर जाताना सुटलेल्या शिळा, कड्यापासून विलग होत चाललेले खडकाचे खांब आणि उताराला आडव्या जाणाऱ्या भेगा शोधाव्यात. अशा भेगा बहुतेकदा अर्धचंद्राकार असतात आणि गवताखाली लपलेल्या असतात. गुराख्यांना त्या नेमक्या माहीत असतात. उतारावर मध्येच ओंजळीसारखा खोलगट भाग आणि त्याच्याखाली फुगीर, उंचसखल जमीन दिसली, तर ती जुनी घसरण असण्याची शक्यता मोठी असते. जुनी घसरण पुन्हा हलण्यास नव्या उतारापेक्षा कमी निमित्त लागते. झाडांचे बुंधे मुळाशी वाकून वर सरळ झालेले असतील, विजेचे खांब एकाच दिशेने कलले असतील, शेताचे बांध मधूनच खाली सरकलेले असतील, तर जमीन संथपणे चालत आहे असे समजावे.

पाण्याकडे सर्वांत जास्त लक्ष द्यावे. झरे कोणत्या पातळीवर फुटतात, उन्हाळ्यातही हिरवागार राहणारा पट्टा कुठे आहे, ओढ्याने पात्र कधी बदलले आहे का, घळीच्या तोंडाशी मोठे दगड आणि माती यांचा पंख्यासारखा ढीग पसरला आहे का, हे पाहावे. असा ढीग म्हणजे पूर्वी लोंढा इथपर्यंत आला होता याची खूण. आणि आजूबाजूच्या वाडीतील वयस्कर माणसांशी बोलावे. ‘इथे कधी दरड पडली होती का?’ असा थेट प्रश्न विचारल्यास जमिनीचा भाव पडेल या काळजीने उत्तर टाळले जाते. त्याऐवजी ‘पावसात कोणत्या बाजूने पाणी येते, कोणते शेत पडीक टाकले आणि का?’ असे विचारल्यास खरी माहिती मिळते.

५. शासनाच्या नकाशात आमची जागा कमी धोक्याच्या रंगात दिसते. मग वेगळ्या तपासणीची गरज आहे का?

आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने राष्ट्रीय भूस्खलन प्रवणता नकाशांकन कार्यक्रमात डोंगराळ भागांचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे केले आहेत आणि ते संस्थेच्या ‘भूकोश’ संकेतस्थळावर पाहता येतात. हे नकाशे उत्तम आहेत आणि प्रत्येकाने ते पाहावेत, परंतु त्यांचे काम तालुका व जिल्हा पातळीच्या नियोजनाचे आहे. या प्रमाणात नकाशावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५० मीटर. वीस गुंठ्यांचा चौरस प्लॉट साधारण ४५ मीटर लांबी-रुंदीचा, म्हणजे नकाशावर तो एक मिलिमीटरसुद्धा भरत नाही. जागा जास्त धोक्याच्या रंगात असेल तर थांबावे, हा निष्कर्ष या नकाशावरून काढता येतो. कमी धोक्याच्या रंगात आहे म्हणून बांधावे, हा काढता येत नाही. शिवाय हे नकाशे मुख्यतः घसरण कुठे सुरू होऊ शकते हे सांगतात. ती वाहत कुठवर येईल, हे पाहणे जागेवरच्या तपासणीचे काम आहे.

६. तपासणी उन्हाळ्यात करावी की पावसाळ्यात?

दोन्ही वेळा. झरे, पाण्याचे मार्ग आणि ओल पावसाळ्यात दिसते. भेगा, खडकाचे सांधे आणि जुन्या घसरणीचा आकार गवत वाळल्यावर, साधारण फेब्रुवारी ते मे या काळात स्पष्ट होतो. एकच भेट शक्य असेल तर सप्टेंबरअखेर ती ठेवावी, कारण तेव्हा पावसाच्या ताज्या खुणाही असतात आणि चालताही येते. केवळ एप्रिल-मे महिन्यात पाहून घेतलेली जागा ही अर्धीच पाहिलेली असते.

७. अधिकृत तपासणी कोणाकडून करून घ्यायची आणि अहवालात काय असायला हवे?

दोन प्रकारची माणसे लागतात. डोंगर वाचणारा अभियांत्रिकी भूवैज्ञानिक आणि मातीचे बळ मोजून गणित करणारा जिओटेक्निकल इंजिनिअर. आर्किटेक्ट किंवा स्ट्रक्चरल इंजिनिअर इमारत उभी राहील याची हमी देतो. इमारतीसकट उतार उभा राहील का, हा प्रश्न त्याच्या कामाच्या बाहेरचा आहे आणि तो त्याच्यावर लादू नये.

अहवालात संपूर्ण उताराचा, म्हणजे माथ्यापासून ओढ्यापर्यंतचा भूवैज्ञानिक नकाशा हवा. उताराचे किमान दोन उभे छेद हवेत आणि त्यांत थर, झऱ्याची पातळी व प्रस्तावित खोदाई दाखवलेली हवी. वरून दगड किंवा लोंढा येण्याचा स्वतंत्र विचार हवा. उताराच्या स्थैर्याचे गणित तीन अवस्थांसाठी हवे : आजची स्थिती, खोदाई व बांधकामानंतरची पूर्ण भिजलेली स्थिती आणि भूकंपाची स्थिती. घसरण रोखणारे बल हे घसरवणाऱ्या बलाच्या किती पट आहे, ते सांगणारा सुरक्षा गुणांक नेहमीच्या स्थितीत १.५ च्या आसपास असावा असा प्रघात आहे. भूकंपासह तो कमी धरला जातो, पण १ च्या वर राहिलाच पाहिजे. ज्या अहवालात गणित फक्त कोरड्या मातीवर केले आहे, तो आमच्या मते परत पाठवावा. जुलैतला पाटणचा डोंगर कोरडा नसतो. भूस्खलन धोका नकाशांसाठी भारतीय मानक १४४९६ चा भाग २ आणि डोंगराळ भागातील संरक्षक भिंतींसाठी भारतीय मानक १४४५८ उपलब्ध आहे. अहवालकर्ता कोणत्या मानकाला धरून काम करतो, हे विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

अहवालाचा निष्कर्ष ‘बांधू नये’ असा येण्याची मोकळीक अहवालकर्त्याला असली पाहिजे. प्लॉट विकणाऱ्यानेच दिलेला, प्लॉट विकण्यासाठी केलेला अहवाल वाचावा, पण त्यावर विसंबू नये.

८. शेजारच्या बोअरवेलला पंधरा फुटांवर कातळ लागला आहे. वेगळे बोअर घेण्याचा खर्च कशाला?

विहिरीचे बोअर पाणी शोधण्यासाठी असते. हवेच्या दाबाने दगडाचा चुरा वर येतो आणि त्यावरून मऊ-कठीण एवढेच कळते. गेरूचा चार इंचांचा पट्टा त्यात हरवून जातो आणि पुष्कळदा तोच घसरणीचे पृष्ठ असतो. शिवाय पंधरा फुटांवर लागलेला ‘कातळ’ ही घसाऱ्यात रुतलेली एखादी मोठी शिळाही असू शकते. तपासणीच्या बोअरमध्ये अखंड गाभा काढला जातो आणि खरा कातळ लागल्यानंतरही काही मीटर पुढे जाऊन ती शिळा नाही याची खात्री केली जाते. लहान घरासाठी प्रत्येक वेळी यंत्राचे बोअर लागतेच असे नाही. भूवैज्ञानिकाच्या देखरेखीखाली जेसीबीने घेतलेले दोन-तीन चाचणीखड्डे पुरेसे ठरू शकतात. ते पाहून झाल्यावर थराथराने ठोकून बुजवावेत, उघडे टाकू नयेत.

९. १:५ उतार म्हणजे किती? तो मोजायचा कसा?

पाच फूट आडवे गेल्यावर एक फूट उंची वाढली तर तो १:५ उतार. म्हणजे २० टक्के किंवा सुमारे ११ अंश. गवंडी वापरतात त्या पाण्याच्या नळीने आणि टेपने तो मोजता येतो, पण सरकारी कामासाठी समोच्चरेषांसह सर्वेक्षण लागते. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत १:५ हून तीव्र उतारावर बांधकामास व जमीन कापण्यास निर्बंध आहे. महाबळेश्वर-पाचगणीसाठी मात्र नियम स्वतंत्र आहेत, कारण हा परिसर १७ जानेवारी २००१ च्या केंद्रीय अधिसूचनेने पर्यावरण संवेदनशील क्षेत्र ठरला आहे. आपल्या गटाला कोणते नियम लागतात हे नगररचना कार्यालयातून झोन दाखला घेऊन लेखी तपासावे.

एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. सर्वेक्षणाआधीच जेसीबी फिरवून उतार ‘बसवण्याचा’ आणि मग सौम्य उतार मोजून घेण्याचा प्रकार सर्रास चालतो. नियम नैसर्गिक उताराचा विचार करतो, आणि नियम बाजूला ठेवला तरी कापलेला डोंगर मूळ डोंगरापेक्षा कमकुवतच असतो.

१०. बिनशेतीची परवानगी आणि मंजूर रेखांकन दोन्ही आहे. शासनाने जागा सुरक्षित मानली, असेच ना?

नाही. बिनशेती आदेश जमिनीच्या वापराचा आणि महसुलाचा आहे. रेखांकनाची मंजुरी रस्ते, मोकळ्या जागा आणि अंतरे तपासते. अनेक आदेशांत भूस्खलन किंवा पुराची जबाबदारी अर्जदाराची राहील अशी अटही असते, ती वाचलेली नसते. मंजुरी आणि सुरक्षितता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्ही वेगळ्या मिळवाव्या लागतात.

११. थोडे सपाटीकरण करून घर बांधायचे आहे. चार गुंठ्यांत असे किती खोदले जाणार?

हिशेब करून पाहावा. २० मीटर बाय २० मीटरचा, म्हणजे साधारण चार गुंठ्यांचा तुकडा १:४ उतारावर आहे असे धरू. वरच्या आणि खालच्या कडेत पाच मीटरचा फरक येतो. मधल्या पातळीवर सपाट केल्यास वरच्या बाजूला अडीच मीटर उंच कापलेली भिंत उभी राहते, खालच्या बाजूला अडीच मीटर भराव पडतो आणि २५० घनमीटर, म्हणजे सुमारे ८८ ब्रास माती हलते. वजनाने ती चारशे टनांच्या पुढे जाते. हे सगळे ओझे आपण उताराच्या माथ्याकडून उचलून कडेला ठेवलेले असते आणि उताराच्या वरच्या भागाचा पायथा कापलेला असतो. एकाच कामात दोन्ही बाजूंनी उतार कमकुवत होतो.

यावर उपाय आहे. घर उताराला साजेसे, दोन किंवा तीन टप्प्यांत बांधावे. कापलेली उंची शक्यतो दीड मीटरच्या आत ठेवावी. पुढचा टप्पा कापण्यापूर्वी आधीच्या टप्प्याला आधार द्यावा. आणि निघालेली माती कडेवर लोटून देऊ नये. झाडी-गवतावर ढकललेला भराव मूळ जमिनीशी कधीच एकजीव होत नाही, तो पहिल्या-दुसऱ्या मोठ्या पावसात सुटतो आणि खालच्या ओढ्यात जाऊन पडतो. भराव करायचाच असेल तर आधी वरचा पालापाचोळा व माती काढून, जमिनीला पायऱ्या कापून, थर ठोकत करावा. मुरूम बाहेर नेण्यासाठी गौण खनिजाची परवानगी लागते. आणि मे महिन्याच्या अखेरीस खोदाई सुरू करू नये. उघडी कापलेली बाजू पावसात सोडणे हे या सगळ्यांतले सर्वांत धोक्याचे काम आहे.

१२. मजबूत आरसीसी संरक्षक भिंत बांधली तर प्रश्न मिटेल का?

भिंत तिच्यामागची माती अडवू शकते. भिंतीच्या खालून जाणारी घसरण तिला अडवता येत नाही, उलट भिंतीचे वजन त्यात मिळते. म्हणून घसरणीचे पृष्ठ कुठे आहे हे कळल्याशिवाय भिंतीची रचना ठरवता येत नाही. पडलेल्या भिंती पाहिल्या तर बहुतेकींच्या मागे पाणी अडलेले आढळते. भिंतीमागे दगड-वाळूचा गाळणथर, पायाशी सच्छिद्र पाइप आणि पाणी बाहेर सोडणारी उतरती छिद्रे हवीत, आणि ती दर वर्षी मे महिन्यात साफ करायला हवीत. जाळीत दगड भरून रचलेली गॅबियन भिंत पाणी आपोआप सोडते आणि थोडी हालचालही सहन करते, म्हणून कमी उंचीसाठी ती अनेकदा अधिक चांगली ठरते.

१३. सेप्टिक टँक, शोषखड्डा, पोहण्याचा तलाव किंवा शेततळे यांमुळे काही फरक पडतो का?

फार मोठा. उताराला घसरण्यापासून राखायचे म्हणजे त्यात पाणी मुरू द्यायचे नाही, आणि या चारही गोष्टी गळू लागल्या की नेमके उलटे करतात. शोषखड्डा तर त्यासाठीच खोदलेला असतो. तीव्र उतारावर शोषखड्डा टाळून शुद्ध केलेले पाणी बंद पाइपने सुरक्षित ओढ्यापर्यंत किंवा दूरच्या सौम्य जमिनीत न्यावे. शेततळ्याचा प्लास्टिक कागद एका ठिकाणी फाटला तरी महिनोन्महिने पाणी मुरत राहते आणि वरून काहीच दिसत नाही.

छपराचे पाणीही कमी नसते. २०० चौरस मीटर छपरावर २०२१ सारखा ५९४ मिलिमीटर पाऊस एका दिवसात पडला, तर जवळजवळ १ लाख १९ हजार लिटर पाणी होते. हे पाणी पन्हाळीतून सरळ अंगणाच्या कडेला सोडले, तर ते भरावातच जाते.

१४. मग सलग समतल चर (उताराला आडवे, एकाच पातळीवर खोदलेले, पाणी मुरवणारे चर) चुकीचे आहेत का? माण-खटावमध्ये तर त्यांनीच पाणी आणले.

माण, खटाव, कोरेगावसारख्या कमी पावसाच्या, पातळ मातीच्या टेकड्यांवर चर योग्य आहेत आणि तिथल्या गावांनी श्रमदानातून केलेल्या कामाबद्दल मनात आदरच आहे. परंतु तेच तंत्र पाटण, जावळी किंवा शिराळ्याच्या पश्चिमेकडील जाड घसाऱ्याच्या तीव्र उतारावर उचलून नेले, की चरात साठलेले पाणी घसरणीच्या पृष्ठावर उतरू शकते. अशा ठिकाणी वाड्यांच्या वरच्या अंगाला पाणी अडवण्याऐवजी ते हळूहळू आडव्या चारीने उतारावरून बाजूला काढून नैसर्गिक ओढ्यात सोडणे योग्य असते. एकाच जिल्ह्यात दोन विरुद्ध सल्ले द्यावे लागतात, कारण पाऊस आणि माती दोन्ही विरुद्ध आहेत.

१५. आमची जागा पठारावर, अगदी सपाट आहे. तिथे तर धोका नाही?

पठाराच्या मध्यभागी भूस्खलनाचा धोका नगण्य असतो. मात्र विक्रीसाठी येणारे बहुतेक प्लॉट दरीचे दृश्य दिसावे म्हणून कडेला पाडलेले असतात आणि जांभ्याच्या कडेखालची मऊ माती धुपत असल्याने (प्रश्न २) कड आतल्या बाजूला सरकत असते. कडेला समांतर भेगा आहेत का आणि खाली पायथ्याशी ताज्या शिळा पडल्या आहेत का, हे पाहून कडेपासूनचे अंतर तज्ज्ञाने ठरवावे. पठारावर येणारा रस्ता कोणत्या उतारावरून कापला आहे, हेही पाहावे. घर सुरक्षित आणि वाट बंद, अशी स्थिती जुलैत अनेकदा येते.

१६. कोयनेच्या बॅकवॉटरला लागून प्लॉट मिळतो आहे. पाण्याची पातळी ठरलेली असते, मग भीती कसली?

पातळी वर्षभरात खूप बदलते. तापोळा-बामणोली परिसरात पावसाळ्याअखेर काठोकाठ असलेले पाणी मे महिन्यात कितीतरी खाली गेलेले असते. जलाशय भरलेला असताना काठाची माती आतपर्यंत भिजते आणि पाण्याचा बाहेरचा दाब तिला टेकू देतो. पाणी वेगाने उतरले की टेकू जातो, पण मातीतले पाणी तितक्या वेगाने निचरत नाही, आणि काठ सरकतो. यासाठी स्थैर्याच्या गणितात ‘पाणी झपाट्याने उतरण्याची’ चौथी अवस्था मागून घ्यावी. पूर्ण संचय पातळीच्या वरची जमीन कोणाची, याचीही नोंद आधी तपासावी.

१७. कोयनेच्या भूकंपांचा डोंगर घसरण्याशी संबंध आहे का?

आहे. ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप सहा रिश्टरहून मोठा होता आणि त्यानंतर आजवर लहानमोठे धक्के या भागात चालूच आहेत. लहान धक्क्याने सहसा उतार घसरत नाही, परंतु सुटलेल्या शिळा पडू शकतात. खरी काळजी मोठा धक्का पावसाळ्यात, भिजलेल्या उतारावर बसण्याची आहे. भारतीय मानक १८९३ च्या २०१६ च्या आवृत्तीत कोयना परिसर भूकंप क्षेत्र चारमध्ये येतो. अहवालात हे धरले आहे की नाही, एवढे आपण नक्की विचारावे.

१८. उतारावर भरपूर झाडे लावली तर भिंती, निचरा यांची गरज राहणार नाही ना?

मुळे वरच्या एक-दोन मीटर मातीला धरतात आणि झाडे मातीतले पाणी ओढतात, त्यामुळे उथळ घसरणीवर झाडांचा चांगला उपयोग होतो. पाच-सहा मीटर खोल पृष्ठावरून सरकणाऱ्या उताराला मुळे पोहोचतच नाहीत. असलेली स्थानिक झाडी मात्र तोडू नये. तोडलेल्या झाडाची मुळे काही वर्षांत कुजतात आणि घसरण त्यानंतर होते, म्हणून तोड आणि दरड यांचा संबंध लोकांच्या लक्षात येत नाही.

१९. आमचे गावठाण पिढ्यान्‌पिढ्या इथे आहे, काही झाले नाही. आताच काय होणार?

हा प्रश्न आमच्याकडे कळकळीने विचारला जातो आणि त्याचे उत्तर तितक्याच गांभीर्याने द्यायला हवे. माळीण, तळीये आणि इर्शाळवाडी या जुन्याच वस्त्या होत्या. माळीणवर ३० जुलै २०१४ रोजी, तळीयेवर २२ जुलै २०२१ रोजी आणि इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री डोंगर आला. इर्शाळवाडीपर्यंत तर गाडीरस्ताही नव्हता. म्हणजे प्रत्येक दुर्घटनेमागे जेसीबीच असतो, असेही म्हणता येत नाही. खडक कुजून घसारा वर्षानुवर्षे जाड होत जातो, आणि पूर्वी क्वचित होणारी एका दिवसातली अतिवृष्टी आता वारंवार अनुभवास येते. पूर्वजांनी जागा विचारपूर्वक निवडली होती हे खरे आहे. पण त्यांनी निवडलेल्या जागेवर लाकूड-कौलाची मोजकी घरे होती, आणि नवी घरे पुष्कळदा त्यांनी मुद्दाम मोकळ्या सोडलेल्या घळीच्या तोंडावर बांधली गेली आहेत.

२०. माझ्या प्लॉटच्या खाली वाडी आहे. अहवालात माझा प्लॉट सुरक्षित आला, तर माझी जबाबदारी संपली का?

संपत नाही. आपले घर कातळावर भक्कम उभे असेल, पण आपण ढकललेला भराव, वळवलेला ओढा किंवा एकत्र करून सोडलेले पाणी खालच्या घरांवर जाऊ शकते. अहवालकर्त्याला ‘या कामामुळे खाली काय होईल?’ हा प्रश्न लेखी विचारावा आणि ओढ्याची वाट कोणत्याही कारणाने बदलू नये. काम सुरू करण्यापूर्वी वाडीतल्या लोकांना नकाशा दाखवून पाणी कुठून कसे जाणार ते समजावून सांगावे. त्यांच्याकडून मिळणारी माहिती कधी कधी अहवाल सुधारून घेण्याइतकी महत्त्वाची असते.

२१. घर बांधून झाले आहे आणि आता अंगणात भेग पडली आहे. काय करावे?

प्रथम भेगेत पाणी जाऊ देऊ नये; चिकणमातीने ती बुजवून वर ताडपत्री टाकावी. भेगेच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकून त्यांतील अंतर रोज मोजून तारखेसह लिहावे. भेग रुंदावत असेल, दारे-खिडक्या अडकू लागल्या असतील, झऱ्याचे पाणी अचानक गढूळ झाले असेल किंवा वाहता ओढा भर पावसात आटला असेल, तर मोजमाप थांबवून तत्काळ सर्वांनी बाहेर पडावे, खालच्या घरांना कळवावे आणि तहसील कार्यालय व जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाला माहिती द्यावी. रात्री मुसळधार पावसाचा इशारा असेल, तर घर सोडण्याचा निर्णय अंधार पडण्यापूर्वीच घ्यावा. दुरुस्तीचा विचार पाऊस ओसरल्यावर.

२२. जमीनमालक म्हणतो, आधी इसार द्या, मग हवी ती तपासणी करा. काय करावे?

इसार द्यावा, पण इसार पावतीत अट लिहून घ्यावी : ठरावीक मुदतीत, खरेदीदाराने नेमलेल्या तज्ज्ञाचा अहवाल बांधकामास प्रतिकूल आल्यास इसाराची पूर्ण रक्कम परत मिळेल. मुदत निदान एक पावसाळा सामावेल इतकी मागावी. ती मिळाली नाही तर किमान तपासणीसाठी जागेवर चाचणीखड्डे घेण्याची परवानगी पावतीतच लिहून घ्यावी. अटीचा मसुदा वकिलाकडून तपासून घ्यावा आणि पावती योग्य मुद्रांकावर, साक्षीदारांसह करावी. ही अट कोणत्याही स्वरूपात मान्य करण्यास मालक तयार नसेल, तर ती जागा सोडून द्यावी.